मेलेला ड्रॅगन ओढायचा कुणी?

गेल्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक उपसागर तयार झाला. निमित्त माझ्या चहाच्या कपाचं. तो कलंडला, चहा भाचीने पसरलेल्या नकाशावर गेला, दोन डोंगररांगा ओलांडून दक्षिणेच्या वाळवंटात शिरला आणि एका राजधानीला वळसा घालून थांबला. मी फडकं आणायला उठलो, तर ती ओरडली, “मामा, पुसू नकोस! किनारा कसला भारी आलाय!”

लगेच तिथे बंदर आलं. बंदराला नाव मिळालं. नावात दोन ठिकाणी डोक्यावर स्वल्पविराम लटकत होते. उच्चार विचारला, तर म्हणाली, तो तिथल्या स्थानिकांनाच जमतो.

भाची हिंजवडीत नोकरी करते आणि आमच्याकडे राहते. डिसेंबरात तिला जग निर्माण करायचं आहे. कल्पित जगांच्या नोंदी ठेवायचं ‘वर्ल्ड अँव्हिल’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. नावाचा अर्थ जगाची ऐरण. त्यांचं दर डिसेंबरात ‘वर्ल्डएंबर’ नावाचं आव्हान असतं: 31 दिवस, 10,000 शब्द. कथा लिहायची सक्ती नाही. जगाबद्दल लिहायचं. तिथली शहरं, नद्या, पंथ, शस्त्रं, सण, लोणची. बँकेत असताना मला डिसेंबरात ठेवींचं टार्गेट असे, हिला देवळांचं आहे.

सवयीने मी भागाकार केला. 10,000 भागिले 31, म्हणजे रोजचे 323 शब्द. पाण्याच्या टाकीबद्दल सोसायटीच्या तक्रारवहीत मी एका बैठकीत याहून जास्त लिहितो.

“एवढंच? मग गणपतीपासून हे काय चाललंय?”

“तयारी, मामा.”

इथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. आपण लग्नाळू माणसं आहोत, तयारी म्हणजे काय ते आपल्याला शिकवू नये. लग्न दोन तासांत उरकतं, केळवणं दोन महिने चालतात. कधी कधी तर केळवणं इतकी होतात की मुहूर्तावर नवऱ्या मुलाचा सदरा पोटावर बसत नाही. भाचीचं तेच चाललं होतं. वहीला केळवण, पेनाला केळवण, रंगीत चिकटपट्ट्यांना केळवण. लग्नाचा मात्र पत्ता नाही.

ही महिनाभराची खुळं अमेरिकेतून आली. 1999 च्या जुलैत सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने 20 जणांना गोळा केलं आणि 21 जणांनी मिळून महिन्याभरात एकेक कादंबरी लिहायचा घाट घातला. पुढच्या वर्षी हा प्रकार नोव्हेंबरात नेला, कारण तिकडे त्या महिन्यात हवा रडकी असते, माणूस घरात बसतो. ‘नॅशनल नॉव्हेल रायटिंग मंथ’, लाडाने ‘नॅनोरायमो’. 30 दिवस, 50,000 शब्द, दिवसाला 1,667. नोव्हेंबर निवडताना बेटीसाहेबांनी भाऊबीज धरली नव्हती. आपल्याकडच्या किती तरी होतकरू कादंबऱ्या त्या महिन्यात तिसऱ्या प्रकरणाच्या आत चिवड्याखाली दबून गेल्या असतील.

गंमत पुढे आहे. नोव्हेंबरात लिहायचं म्हटल्यावर ऑक्टोबर तयारीचा ठरला. त्याला नावही पडलं, ‘प्रेपटोबर’. म्हणजे लिहिण्याला एक महिना आणि लिहिण्याच्या आधीच्या हात चोळण्याला एक महिना. बरं, मूळ संस्था पैशाच्या तंगीने आणि वादांनी खंगत गेली आणि बंद होत असल्याचं तिने जाहीर केलं ते 2025 च्या 31 मार्चला. कादंबऱ्यांची संस्था, पण गेली ती पक्क्या कारकुनासारखी, मार्चएंड गाठून. प्रेपटोबर मात्र जिवंत आहे. सत्यनारायण होवो न होवो, प्रसादाचा शिरा ढवळायला माणसं मिळतातच.

आपल्याकडे हा खेळ जुनाच आहे, हे भाचीला माहीत नव्हतं. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक दर पावसाळ्यात मुदतीच्या तलवारीखाली लिहितो आहे. फरक इतकाच, की इथे शब्दसंख्या लेखक ठरवत नाही. ऐन वेळी साबणाची जाहिरात आली, की नायिका दोन पानं आधी मरते.

असो. तयारीकडे येऊ. तिथे खरा माल आहे.

भाचीच्या जगाला दोन चंद्र आहेत. दोन चंद्रांमुळे भरती-ओहोटीचं गणित बिघडतं, म्हणून तिने एक शनिवार भरतीवर घालवला. आठवडा दहा दिवसांचा आहे. दहा वारांना दहा नावं आहेत, त्यातली चार एका मृत भाषेतली. मृत भाषेचं व्याकरण आहे, तिला नऊ विभक्ती आहेत. (आपल्या आठांतल्या सहा पाठ करताना ही माझ्यासमोर रडली होती, ते मी काढलं नाही.) ड्रॅगनच्या चार पोटजाती आहेत आणि एका राजघराण्याची सतरा पिढ्यांची वंशावळ आहे. सतरापैकी नऊ राजांचं नाव एकच आहे, हे मात्र तिने इतिहासाला धरून केलं.

मी विचारलं, “आठवड्याचा बाजार कोणत्या वारी भरतो?”

“म्हणजे?”

“दहा वार आहेत ना. त्यातला बाजाराचा कोणता?”

तिने वहीत डोकं घातलं. दोन चंद्रांच्या त्या जगात वांगी घ्यायला कधी जायचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

ज्याला हे सगळं हाताने करायचा कंटाळा, त्याच्यासाठी यंत्रं आहेत. अझगार या टोपणनावाच्या कुणा प्रोग्रामरने नकाशाचं एक फुकट यंत्र करून ठेवलंय. कळ दाबली की खंड तयार. नद्या, राज्यं, संस्कृती, धर्म, गावं आणि गावांची लोकसंख्यासुद्धा. आवडलं नाही तर पुन्हा कळ दाबायची, दुसरा खंड. मी सहज म्हणून एका दुपारी अकरा खंड पाडले. बारावा जरा बरा होता. बायकोने मागून डोकावून विचारलं, “अजगर? काय गिळलं त्याने?” मी म्हटलं, दुपार.

आता माझं म्हणणं सांगतो. तयारी का फुगते? आळसामुळे नाही. आळशी माणूस नऊ विभक्ती करेल का? तयारी फुगते कारण तयारीत कुणाचं चुकत नाही. तुमच्या राज्याची राजधानी डोंगरावर असो की दलदलीत, कोण तुम्हाला जाब विचारणार? पण एक माणूस उठून दाराकडे गेला असं एक वाक्य लिहा. लगेच तो का उठला, बाहेर कोण आहे, घरात कुणाशी भांडला, हे सगळे घेणेकरी ओटीवर येऊन बसतात. नकाशा घेणेकऱ्यांना घरात घेत नाही, म्हणून तो काढायला सुख वाटतं. ब्रँडन सँडरसन स्वतः कल्पित जगं उभारून बख्खळ प्रसिद्ध झाला आणि या नादाला चक्क आजार म्हणतो. दारूच्या गुत्तेवाल्याने व्यसनमुक्तीवर बोलावं तसं हे आहे, पण निदान चूक नाही.

भाचीकडे ब्रह्मास्त्र होतंच. “टॉल्किननेही आधी नकाशा काढला आणि मग गोष्ट त्यात बसवली. त्याने स्वतः लिहून ठेवलंय.”

खरं आहे, लिहून ठेवलंय. पण त्याच टॉल्किनने असंही सांगून ठेवलंय, की ‘हॉबिट’चं पहिलं वाक्य त्याला परीक्षेचे पेपर तपासताना सुचलं. एका मुलाने एक पान कोरं सोडलं होतं, त्यावर त्याने ते खरडलं. हॉबिट म्हणजे काय, हे तेव्हा त्यालाही माहीत नव्हतं. ते पुस्तक 1937 मध्ये आलं. आणि ज्या जगाची त्याने पहिल्या महायुद्धापासून बारीक बारीक तयारी केली, भाषा, देव, युगं, वंशावळी, ते ‘सिल्मरिलियन’? ते पुरं करायचं राहून 1973 मध्ये तो गेला. मुलाने कागद जुळवून 1977 मध्ये छापलं. कागद तरीही संपेनात. 1983 पासून 1996 पर्यंत मुलगा बारा खंड काढत बसला. वडिलोपार्जित शेतीच्या वाटण्या लांबतात, हे आपण पाहिलेलं असतं. वडिलोपार्जित तयारी निस्तरायला बारा खंड लागावेत?

आर. के. नारायण यांची तयारी फार स्वस्तातली होती. 1930 च्या सुमाराला बंगळुरात आजीने चांगला दिवस पाहून दिला, त्या दिवशी त्यांनी एक वही विकत आणली आणि पेन चावत बसले. समोर एक छोटं रेल्वे स्टेशन आलं. मालगुडी. बाकीचं गाव त्या स्टेशनाबाहेर पाच-सहा दशकं वाढत राहिलं, गरज पडेल तशी एकेक गल्ली. मालगुडीचा नकाशा काढायची वेळ आली तेव्हा तो दुसऱ्यांनी काढला. लेखकाने गाव वसवावं आणि मोजणी सिटी सर्व्हेने करावी, ही रीत मला पटते.

यॉर्कशायरच्या हॉवर्थ गावातली ब्रॉन्टे भावंडं तर शाळकरी पोरं. 1826 मध्ये बापाने मुलासाठी बारा लाकडी शिपायांची पेटी आणली, तेवढ्या भांडवलावर त्यांनी राज्यं उभी केली आणि काड्यापेटीएवढ्या पुस्तकांत त्यांच्या बखरी लिहिल्या. शार्लट आणि ब्रॅनवेलचं राज्य ‘अँग्रिया’, एमिली आणि ॲनचं ‘गोंडल’. आपल्या कान्होजी आंग्र्यांना इंग्रज अँग्रियाच म्हणत, आणि गोंडल राजकोट जिल्ह्यात आहे. पुढचा हिशेब अलिबागकरांनी आणि काठेवाड्यांनी लावावा.

आणि आपल्या कहाण्या? श्रावणात आजी सांगायची त्या? आटपाट नगर. झालं, जग तयार. लोकसंख्या नाही, नदी नाही, चंद्र किती ते नाही. लगेच त्या नगरात एक राजा, त्याला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला राहायला गुरांचा गोठा. बघा, पाच ओळींत मालमत्तेची वाटणी, घरातली उतरंड आणि कोण कुठे झोपतं ते सगळं आलं. वर्ल्ड अँव्हिलमध्ये वसतीसाठी वेगळा साचा असतो, संघटनेसाठी वेगळा, परंपरेसाठी वेगळा. गोठ्यातल्या नावडतीला कोणत्या साच्यात घालणार?

याच धुंदीत मी माळ्यावरून एक पुस्तक काढलं. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’, सन 1915. (आत्रे हे, आचार्य अत्रे वेगळे. दर वेळी सांगावं लागतं.) मराठीत विश्वबांधणी शिकवणारं याहून जाडजूड पुस्तक नाही, आणि त्यात एकही ड्रॅगन नाही. पाटील कोण, कुलकर्ण्याचा हक्क किती, सुताराला खळ्यावर काय मिळतं, लोहार, चांभार, न्हावी, परीट, कुंभार, गुरव, कुणाचं बलुतं केवढं आणि ते कुणाच्या हातून. ग्रंथकाराची मतं अनेक ठिकाणी आज घशाखाली उतरत नाहीत. पण गाव नदीवर उभं नसतं, देण्याघेण्यावर उभं असतं, हे त्या माणसाने पानापानांवर मोजून दाखवलंय.

पुस्तक मांडीवर घेऊन मी उलटतपासणी सुरू केली.

“तुझ्या राजधानीत न्हावी आहे?”

“मामा, एल्फांना दाढी नसते.”

“डोक्यावर केस?”

“कमरेपर्यंत.”

“मग आहे का?”

वहीत नोंद झाली: न्हावी.

“राजवाड्यात पाणी कोण भरतं?”

“जादूने येतं.”

“आणि राजवाड्याबाहेर?”

“नदी आहे.”

“नदीवर कुणीही जाऊ शकतं?”

इथे ती थांबली. मुलगी हुशार आहे, शाळेत महाड वाचलेलं आहे. मुंबईच्या कायदे मंडळाने 1923 मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला, महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरीही तळं कागदावर उघडं आणि काठावर बंद. 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरली, त्यानंतर मारहाण झाली आणि तळं ‘शुद्ध’ करून घेतलं गेलं. कल्पित जगाचे शौकीन जादूचे नियम ठरवायला महिना घालवतात. स्पर्शाने पाणी बाटतं आणि शेण-गोमूत्राने शुद्ध होतं, याहून तपशीलवार जादू कुणी लिहिली आहे का? तीही नुसती कागदावर नाही, अमलात आणलेली.

मग मी शेवटचा प्रश्न टाकला. खरं सांगायचं तर विनोद म्हणूनच.

“ड्रॅगन मेला, तर ओढून कोण नेतं?”

तिने माझ्याकडे पाहिलं. चार पोटजाती, त्यांचा आहार, विणीचा हंगाम, पंखांचा विस्तार, सगळं वहीत होतं. एकही ड्रॅगन आजवर मेला नव्हता.

“केवढा असतो तो?”

“नव्वद फूट.”

“तो वेशीत पडला. तीन दिवस झाले. वास सुटलाय. सतरावा राजा येऊन ओढणार आहे का?”

ती काहीच बोलली नाही, आणि मीही गप्प झालो. कारण प्रश्न तोंडातून गेल्यावर मला आमचा गावचा वाडा आठवला. मेलेलं जनावर कोण नेतं, हा प्रश्न आमच्या घरात कधी कुणाला पडला नव्हता. उत्तर मागच्या दाराने येऊन, काम करून, परत जात असे. आत्र्यांच्या पुस्तकात त्या कामाचा हक्क म्हणून उल्लेख येतो. बाबासाहेबांनी मात्र लोकांना ते काम सोडून द्यायला सांगितलं, तेव्हा गावोगाव सवर्णांचं डोकं फिरलं. ज्याला हक्क म्हणत होते, तो सोडला तर एवढा राग का, हेही कुठल्या साच्यात बसत नाही.

मी पुस्तक मिटून भाजी आणायला गेलो. तक्रारवहीतला तरबेज माणूस अशा वेळी भाजी आणायला जातो.

त्या रात्री पावणेदोनला पाणी प्यायला उठलो, तर तिच्या खोलीत उजेड. म्हटलं, चंद्र तिसरा आणला की काय. दार लोटलं. टेबलावर नकाशा नव्हता, तो बाल्कनीतल्या दोरीवर चिमट्यांनी वाळत घातलेला होता, बंदरासकट. ती टाइप करत होती. थांबत नव्हती.

सकाळी चहाबरोबर (कप तिने स्वतः लांब सरकवून ठेवला) वाचायला दिलं. एक बाई आहे. वेशीबाहेर राहते. तिच्या घराण्याकडे पिढीजात मेलेले ड्रॅगन ओढायचं काम, बदल्यात खवल्यांवर हक्क. खवल्यांची ढाल करून राजा लढाया जिंकतो, पण ढालीला हात लावायची बाईला बंदी. आणि या खेपेला वेशीत ड्रॅगन पडलाय आणि बाई म्हणते, मी येणार नाही. सरपंच, पुजारी, सेनापती, एकेक जण तिच्या दारात येऊन जातो. आत कुणी जात नाही, बाहेरूनच बोलतात. चौथ्या दिवशी वास राजवाड्यात पोचतो.

दोन चंद्रांचा उल्लेख एकदाच होता. वास काढायला लोकांनी खिडक्या उघडल्या, तेव्हा ते दिसले.

“किती शब्द झाले?” मी विचारलं. आवाज जरा बसलेला होता, थंडी पडलीय.

“चौदाशे.”

“म्हणजे चार दिवसांचा कोटा रात्रीत! पुढे लिही ना.”

“नाही रे मामा, हे धरता येत नाही. आज 27 नोव्हेंबर. डिसेंबरात लिहिलेलेच शब्द मोजतात.”

“मग?”

“मग काय, एक तारखेपर्यंत थांबायचं.”

“आणि तोवर?”

ती उठली, बाल्कनीत जाऊन नकाशा हाताने चाचपून पाहिला. वाळला होता. मग तो आणून पुन्हा टेबलावर पसरला आणि रंगांची डबी उघडली.

“तोवर नाणी करू या. तू बँकेत होतास ना? एका रुपयाला किती पाडू, चौसष्ट की शंभर?”

मी चष्मा लावला आणि खुर्ची पुढे ओढली.